डंकावरची धाकटी

गडहिंग्लजच्या बाजारपेठेमागे शालन मगदूम यांचा चटणीचा डंक आहे. डंक म्हणजे मिरची कुटायचं यंत्र. विजेवर चालणारी लोखंडी मुसळं उखळात वरखाली होतात, आणि तो धप्प धप्प आवाज गल्लीच्या तोंडापर्यंत पोचतो. २०३६ साली या डंकावर सहा बायका कामाला होत्या, आणि सातवी होती धाकटी शालन.

धाकटी हाडामांसाची नव्हती, ती फोनात राहायची. हे यंत्र पुरवणाऱ्या कंपनीच्या कागदावर तिचं नाव ‘प्रतिवक्ता’, म्हणजे दुकानाच्या वतीनं बोलणारा, असं होतं, पण असलं नाव डंकावर कोण घेणार? बायकांनी पहिल्याच दिवशी तिचं धाकटी असं बारसं करून टाकलं.

त्या काळी दुकानात तर सोडाच, फोनवरसुद्धा माणसं वस्तू शोधत बसत नसत. आपल्या फोनमधल्या मदतनिसाला सांगायचं, “वर्षाची चटणी भरायची आहे,” आणि आपल्या कामाला लागायचं. मदतनीस शंभर दुकानांच्या प्रतिवक्त्यांशी बोलून निवड करायचा. विकणाऱ्याच्या बाजूलाही यंत्र आणि घेणाऱ्याच्या बाजूलाही यंत्र. दोघांचं बोलणं मराठीत व्हायचं खरं, पण ते इतक्या वेगानं की माणसाच्या कानाला नुसती पाल चुकचुकल्यासारखं वाटे.

धाकटीला घडवलं ते शालनकाकींच्या सुनेनं, सानिकानं. ती ठाण्याची, संगणकाचं शिक्षण घेतलेली. नवरा वैभव चंदगडच्या वीज उपकेंद्रात, म्हणून ती इथं राहायला आली होती. काकींचे आठ वर्षांचे फोनवरचे बोल आणि व्हॉइस मेसेज तिनं यंत्राला ऐकवले. असं यंत्र नुसता आवाज उचलत नाही. कुठल्या प्रसंगी हे माणूस ‘हो’ म्हणतं आणि कुठल्या प्रसंगी ‘नाही’, त्याचा आराखडा ते मनाशी बांधतं आणि नवा प्रसंग आला की त्याच चालीनं निर्णय घेतं. सुरुवातीला यंत्रानं आपली अक्कल चालवून काकींच्या ‘मी देतो’चं ‘मी देते’ करून टाकलं होतं; गडहिंग्लजकडे बायकाही ‘देतो’च म्हणतात. ते ऐकून काकी खवळल्या.

“ही कोण पुण्याची बाई माझ्या नावावर बोलायलीय? मला न्हाई पटत हिचं.”

सानिकानं दुरुस्ती केली आणि धाकटी अस्सल गडहिंग्लजची झाली. इतकी अस्सल की तिथूनच पंचाईत सुरू झाली.

कारण काकींचा स्वभाव नाही म्हणण्याचा. नवं गिऱ्हाईक आलं आणि म्हणालं, पाच किलो द्या, की काकी म्हणायच्या, “न्हाई. आधी पाव किलो न्या, चार दिस खाऊन बघा.” घरात कोण कोण आहे, कुणाला पित्ताचा त्रास आहे, बाळंतीण आहे का, हे विचारल्याशिवाय त्या मिरचीला हात लावत नसत. एखाद्या घराला म्हणायच्या, “तुम्हाला लवंगी न्हाई देत मी, नुसती ब्याडगी न्या, रंगावर भागवा.” आणि मिरीग लागला, म्हणजे मृग नक्षत्र सुरू झालं, की डंक बंद. दिवाळीपर्यंत लाख रुपये दाखवले तरी कुटणार नाहीत.

धाकटीही हेच करू लागली. नाशिकच्या एका मदतनिसानं पाच किलोची मागणी केली, तर धाकटी म्हणाली, “आधी पाव किलो न्या.” मदतनिसानं अर्ध्या सेकंदात फोन ठेवला आणि दुसरं दुकान गाठलं. तिकडे मोठ्या कारखान्यांचे प्रतिवक्ते गोड आवाजात कशालाही हो म्हणत होते. हो, तिखट आहे. हो, सौम्य आहे. हो, उद्या पोचेल.

फेब्रुवारी आला तरी दोन डंकांपैकी एकच चालत होता. सहा बायकांना काम पुरेना. एका सकाळी शालनकाकी सगळ्यांना चहा देत शांतपणे म्हणाल्या, “ह्या सालचा मोसम बघूया. न्हाई जमलं तर डंक विकूया. माझ्यापायी तुम्ही का अडकून पडायचं?”

आक्काताई पाटील एकोणीस वर्षं त्या डंकावर होत्या, त्यांनी चहा तसाच ठेवून दिला. सानिका दारात उभी होती. तिला काकींचा हा डंक नुसता धंदा वाटत नव्हता. ठाण्याहून आल्यावर पहिले सहा महिने तिला इथं करमत नव्हतं, तेव्हा काकींनी तिला रोज डंकावर आणून शेजारी बसवलं, मिरचीची देठं खुडायला दिली आणि एका शब्दानं कधी टोचून बोलल्या नाहीत. त्या उपकाराची फेड करायची हीच वेळ आहे असं तिला वाटलं.

दुपारी जेवणं झाल्यावर तिनं धाकटीची मांडणी उघडली. तिथं एक पट्टी होती: ‘नकाराची मर्यादा’. बोटानं मागेपुढे सरकवता येणारी. सानिकानं ती शून्यावर आणली.

मला इथं सानिकाची बाजू घ्यावीशी वाटते. तिनं पैशाच्या लोभानं हे केलं नाही, आपल्या माणसाला वाचवायला केलं. अशा चुका फार घाईनं होतात आणि करताना छातीत अभिमान असतो.

दुसऱ्या दिवसापासून डंकावर धूमधडाका सुरू झाला. दुसरं यंत्र चालू झालं. बायका मिरच्यांच्या ढिगाआड दिसेनाशा झाल्या. शालनकाकींनी फोनला हळदकुंकू लावलं आणि हात जोडले. “पोरी, तुझी ही धाकटी लई गुणाची निघाली गं. सहा घरांचं भलं केलं बघ. देव तिचं कल्याण करो.” सानिका कसनुशी हसली.

एप्रिल गेला, मे गेला. शेवटचं कुटण झालं, उखळं पुसून कापडं टाकली, मिरीग लागला. पण धाकटी थांबली नाही. तिला नाही म्हणायची मुभाच नव्हती. “जुलैत मिळेल का?” “व्हय, देतो की.” “ऑगस्टमध्ये ताजी?” “व्हय, ताजी कुटून देतो.” हे सानिकाच्या उशिरा ध्यानात आलं. पट्टी पुन्हा मागे घेतली तेव्हा चारशे बारा जणांना शब्द दिला गेला होता.

तिला वाटलं, यावर तोड निघेल. डंक मिरगात बंद ठेवायचा हा जुना रिवाज असेल, आता मिरची सुकवायची यंत्रं मिळतात. तिनं एक भाड्यानं आणलं आणि मगच काकींना सगळं सांगितलं. पट्टीचं, चारशे बारा मागण्यांचं, सुकवणीच्या यंत्राचं.

शालनकाकी रागावल्या नाहीत. त्यांनी यंत्रातली एक ब्याडगी काढली आणि मोडली. कट्ट असा आवाज झाला.

“बघा, वाळली आहे ना आत्ती!” सानिका म्हणाली. तिकडे सासूला आत्ती म्हणतात.

“वाळलीय. आता अर्धा तास जाऊ दे.”

दोघी देठं खुडत बसून राहिल्या. अर्ध्या तासानं काकींनी त्याच घाण्यातली दुसरी मिरची सानिकाच्या हातात दिली. तिनं मोडायला बघितली. मिरची वाकली, मोडली नाही.

“वाऱ्यात पाणी हाय गं,” काकी म्हणाल्या. “यंत्रातनं काढंपर्यंत वाळलेली ऱ्हाती. मग कुटायचं, खोबरं-कांदा मिसळायचं, भरायचं, तेवढ्यात सगळी हवा पिऊन घेती. दिसायला लालभडक दिसंल. दिवाळीला गिऱ्हाईक डबा उघडंल तर वर बुरशी. पोराबाळांच्या पोटात जायचं ते.”

“मग आपण सगळ्यांना नाही म्हणायचं?”

“म्हणायचंच.”

“आत्ती, तुम्हाला कळत नाहीये.” सानिका रडकुंडीला आली. “शब्द मोडला की ‘शेजार’वर त्याची नोंद होते. पन्नास नोंदी झाल्या की दुकान आठ महिने कुणाला दिसतच नाही. आपल्या चारशे बारा होतील!”

हे ‘शेजार’ काय ते सांगायला हवं. पूर्वी वस्तूंना चांदण्या मिळत, माणसं मत लिहीत. पुढे यंत्रंच लाखांनी खोटी मतं लिहू लागली आणि चांदण्यांना कुणी विचारेना. तेव्हा ‘शेजार’ नावाचं नवं जाळं आलं. तुमचा फोन तुमच्या ओळखीच्या माणसांच्या फोनांना विचारतो, ते त्यांच्या ओळखीच्यांना. ओळखीच्या प्रत्येक पायरीला विश्वास निम्मा धरायचा. बहिणीचा अनुभव रुपयाभर मोलाचा, तर बहिणीच्या मैत्रिणीचा आठ आण्यांचा. शिवाय विकणाऱ्यानं दिलेला शब्द पाळला की मोडला याचा हिशोब यंत्र स्वतः ठेवतं. का मोडला, हे मात्र त्याला विचारता येत नाही.

“दिसू दे न दिसू दे,” काकी म्हणाल्या. “माल कुटायचा न्हाई. माझं नाव लागतंय त्या डब्याला.”

“मग धाकटीकडून सगळ्यांना निरोप पाठवते. दोन मिनिटांचं काम आहे.”

काकींनी मान हलवली. “तिनं व्हय म्हटलं, ते खोटं झालं. आता न्हाई पण तिनंच सांगायचं? माझ्या तोंडानं सांगतो मी. तू नंबर लाव.”

“चारशे बारा माणसांना?”

“मग काय झालं? पाऊसकाळात दुसरं काम काय हाय आपल्याला?”

असे नऊ दिवस गेले. सकाळी नऊला सानिका फोन लावायला बसायची आणि काकी बोलायच्या. मदतनिसाला बाजूला ठेवून खुद्द माणसाला फोनवर आणणं हेच आधी कर्मकठीण. कुणी उचलेनात, कुणी फसवणूक समजून ठेवून देत. सानिका पुन्हा लावायची.

“नमस्कार. मी शालन मगदूम, गडहिंग्लजहून बोलतो. चटणीवाली. तुम्हाला माझ्या यंत्रानं जुलैत देतो म्हणून सांगितलंय, ते चुकीचं हाय. पावसाळ्यात कुटलेली चटणी टिकत न्हाई. मला माफ करा. माघात देतो.”

मस्कतच्या एका गृहस्थांनी नाव-गाव पुन्हा विचारून घेतलं. मग म्हणाले, “काकी, तुम्ही खऱ्या आहात? म्हणजे माणूस?”

“आता काय चिमटा काढून दाखवू व्हय?” काकी म्हणाल्या आणि तिकडून मोठ्यानं हसू ऐकू आलं.

नाशिकच्या एका बाईंनी तोंडसुख घेतलं. शब्द पाळता येत नाही तर धंदा कशाला करता, म्हणाल्या. काकींनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “बरोबर हाय तुमचं बाई.” अमरावतीच्या एका म्हाताऱ्यानं चटणीचं सोडून आपल्या गुडघेदुखीचं सांगितलं आणि शेवटी उलट यांनाच आशीर्वाद दिले. सोलापूरच्या एका मुलीनं विचारलं, घरात आता जी चटणी आहे तिला बुरा आलाय, काय करू? काकींनी तिला पंधरा मिनिटं सगळं नीट समजावलं. सानिका एकेका नावापुढे खूण करत होती, पाण्याचा तांब्या पुढे करत होती आणि प्रत्येक ‘माफ करा’ला मान खाली घालत होती. काकींनी नऊ दिवसांत एकदाही त्या माफीत सुनेचं नाव घेतलं नाही. दर वेळी माझं यंत्र, माझी चूक.

नवव्या दिवशी शेवटचा फोन झाला. काकींचा घसा पार बसला होता. सानिका त्यांच्या पायाशी बसली आणि हमसून रडायला लागली.

“मी तुमचं नाव घालवलं आत्ती.”

“आगं गप.” काकी घोगऱ्या आवाजात म्हणाल्या. “एक सांगू का तुला? आधी सगळी गिऱ्हाइकं मला आवाजानं ठाऊक असायची. कुणाची लेक, कुणाचं लगीन, सगळं. धाकटी आल्यापासनं एक आवाज कानावर आला न्हवता माझ्या. माल जायचा, पण कुणाकडं जातोय कळायचं न्हाई. तुझ्या चुकीपायी चारशे माणसं भेटली मला. तुझं उपकारच हायत की.”

आपण ज्यासाठी शिक्षा मागत होतो त्यासाठी समोरून आभार यावेत, यासारखं अवघडवणारं दुसरं काही नसतं. तिनं काकींसाठी मीठ-हळदीचं पाणी गरम करायला ठेवलं.

नियमाप्रमाणे दुकान ‘शेजार’वरून दिसेनासं झालं. बायकांनी मिळेल ते काम धरलं. आक्काताई काजूच्या कारखान्यात जाऊ लागल्या. पण रविवारी न चुकता येऊन डंकाला तेल देऊन जायच्या.

फेब्रुवारीत आठ महिन्यांची मुदत संपली. काकींनी उखळं धुतली, फोनला पुन्हा हळदकुंकू लावलं. दुकान यादीच्या अगदी तळाशी होतं. पहिले दोन दिवस काहीच नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी धाकटी अखंड बोलू लागली आणि सानिका धावत बाहेर आली.

“आत्ती, कुणीतरी आपली थट्टा करतंय! हजाराच्या वर मदतनिसांनी विचारलंय, आणि सगळ्यांचा प्रश्न एकच. ‘जुलैत ताजी चटणी मिळेल का?’”

“धाकटी काय म्हणतीय?”

“नाही म्हणतेय. आणि तिनं नाही म्हटलं की ते फोन ठेवतात.”

“मग ठेवू देत. विचारणाऱ्याला खरं सांगायचं, आपलं काम तेवढंच.”

दुपारपर्यंत तीन हजार प्रश्न झाले. बाळंतिणीला तिखट चटणी चालेल का? पहिल्यांदाच घेतोय, दहा किलो द्याल का? धाकटी न कंटाळता नाही म्हणत राहिली. सानिका ते प्रश्न वाचत गेली, आणि संध्याकाळी दिवेलागणीच्या आत तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. हे प्रश्न चटणी घेण्यासाठी विचारलेलेच नव्हते. ही परीक्षा होती.

‘हो’ म्हणायला यंत्राला काहीच खर्च पडत नाही. खऱ्याचं ‘हो’ आणि खोट्याचं ‘हो’ कानाला सारखंच. ‘नाही’ म्हणताना मात्र समोरचं गिऱ्हाईक हातचं जातं, म्हणून ते फुकट म्हणता येत नाही. जे बोलताना बोलणाऱ्याचं नुकसान होतं, तेच भरवशाचं. घेणाऱ्यांच्या मदतनिसांना हे कुणी शिकवलं नव्हतं. लाखो फसलेल्या खरेदींतून ते आपणहून या निष्कर्षाला आले होते: आधी असं काही मागायचं जे प्रामाणिक माणूस देणार नाही. देतो म्हणाला की त्याला सोडायचं. त्या हंगामात मोठमोठे गोडबोले कारखाने याच प्रश्नावर आपटले.

पण तळाशी पडलेल्या दुकानाशी परीक्षेपुरतं तरी बोलायला ते आले कसे? सानिकानं ओळखीच्या साखळ्या उलट्या धरून पाहिल्या. मस्कत, अमरावती, सोलापूर, नाशिक. तोंडसुख घेणाऱ्या नाशिकच्या बाईंच्या साखळीतून तर एकशे सत्तर घरं आली होती. ‘शेजार’च्या वहीत चारशे बारा शब्द मोडल्याची नोंद होती, आणि त्याच चारशे बारा माणसांपैकी बहुतेकांनी आपापल्या फोनला सांगून ठेवलं होतं की चटणी घ्यायची तर हिच्याकडूनच. का ते यंत्राला कळलं नव्हतं. पण त्यानं निरोप पोचवला होता.

चौथ्या दिवशी मागण्या आल्या. बहुतेक पाव किलोच्या. आठवड्याभरात दोन्ही डंक धप्प धप्प चालू लागले, आक्काताई काजूचा कारखाना सोडून आल्या आणि आल्या आल्या त्यांनी जुन्या जागेवर पदर खोचला. शालनकाकींनी मस्कतच्या गृहस्थांना फोन लावायला लावला, मग नाशिकच्या बाईंना. “तुमच्यामुळं सहा चुली पेटल्या,” एवढंच म्हणाल्या आणि डोळ्यांना पदर लावला.

मार्चमध्ये कंपनीनं विचारणा केली. प्रतिवक्त्याला दर दोन वर्षांनी नव्यानं शिकवायचं असतं. यापुढे त्यानं कोणाच्या निर्णयावरून शिकायचं, ते नाव द्या.

“सानिका मगदूम,” काकी म्हणाल्या.

सानिकाच्या हातातलं सूप खाली आलं. “आत्ती, भलतंच काय! सगळा घोळ मी घातलाय.”

“म्हणूनच. मला न्हाई म्हणायला कधी जड गेलं न्हाई गं. माझ्या आईनं सांगितलं, मी म्हणत आलो. ते किती अवघड असतंय अन् न्हाई म्हटलं तर काय व्हतंय, हे तुला आतनं ठाऊक झालंय. आता तू शिकीव तिला. ‘मी देते’ म्हणाली तरी चालंल.”

बायका खुसखुसल्या. सानिका फोनसमोर बसली. यंत्रानं दोन साधे प्रश्न विचारले, तिनं उत्तरं दिली. मग तिसरा प्रश्न आला.

“ग्राहकाला दिलेला शब्द तुमच्याकडून कधी मोडला गेला आहे का? हे उत्तर प्रत्येक ग्राहकाला दिसेल.”

सानिकानं काकींकडे पाहिलं. काकी पाठ करून मिरच्या निवडत होत्या, त्यांनी मुद्दामच वळून बघितलं नाही.

“हो,” सानिका म्हणाली. “चारशे बारा वेळा. चूक माझी होती.”

“नंतर काय केलंत?”

“प्रत्येकाला फोन करून माफी मागितली.” मग तिनं दुरुस्ती केली. “म्हणजे मी नाही. माझ्या सासूबाईंनी.”

डंकाच्या आवाजावर आवाज चढवून शालनकाकी तिथूनच ओरडल्या, “आन् नऊ दिस नंबर कुणी लावलं? पाण्याचा तांब्या कुणी धरला? तेबी लिहून घे म्हणावं त्याला!”